ऐक्याची प्रार्थना आणि ‘सत्याशी तडजोड’

जानेवारीतला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह जवळ आला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही प्रार्थना म्हणजे सगळ्यांना रोमच्या, म्हणजे पोपच्या, छत्राखाली नेण्याचा डाव आहे, पवित्र शास्त्र तर ‘वेगळे व्हा’ सांगतं, एकत्र यायचं तर सत्य गुंडाळून ठेवावं लागतं, खरे विश्वासणारे आत्म्यात एकच आहेत, आणि शंभर वर्षं प्रार्थना करून झालं काय? हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत मला जवळची, प्रार्थनेत मुरलेली माणसंही आहेत. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी ‘डाव’. यात एक धागा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. १९०८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथे पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूंनी १८ ते २५ जानेवारीची ही प्रार्थना सुरू केली, तेव्हा सगळ्यांनी पोपशी जोडलं जावं हीच त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी ते कॅथलिक झाले. अशा मागण्याला प्रोटेस्टंट किंवा ऑर्थोडॉक्स माणूस मनापासून ‘आमेन’ कसा म्हणणार? ही अडचण ओळखली ती एका कॅथलिक धर्मगुरूंनीच. फ्रान्समधल्या लिआँचे पॉल कुतुरिए यांनी १९३० च्या दशकात मागणंच बदललं: ख्रिस्ताला हवं ते ऐक्य, त्याला हवं त्या मार्गाने. या एका वाक्याने प्रार्थनेची दिशा फिरली. ‘त्यांना आमच्याकडे आण’ असं म्हणणारा स्वतः जागचा हलत नाही. ‘तुला हवं ते कर’ म्हणणाऱ्याला मात्र आपणही बदलू शकतो हे गृहीत धरावं लागतं. माझ्या मते या प्रार्थनेचा सगळा अर्थ इथे आहे.

आणि रोमचं म्हणाल, तर १९२८ मध्ये पोप अकरावे पायस यांनी कॅथलिकांना अशा आंतरपंथीय सभांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ती भूमिका बदलली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेत, १९६४ साली. १९६६ पासून सप्ताहाचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. या जागतिक चर्च परिषदेत प्रोटेस्टंट, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स मंडळ्या आहेत. कॅथलिक चर्च तिचं सभासदसुद्धा नाही.

आता ‘वेगळे व्हा’ हे वचन. ते प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं (२ करिंथ ६:१७) आहे. चार ओळी वर जाऊन वाचा. तिथे विषय मूर्तिपूजेचा आणि विश्वास न ठेवणाऱ्यांशी जडण्याचा आहे. दुसऱ्या मंडळीत त्याच प्रभूला हाक मारणाऱ्यांचा नाही. त्यांच्याविषयी पौलाचं मत हवं असेल तर त्याच करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र उघडा. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोचा’, ‘मी केफाचा’ म्हणणाऱ्यांना तो पहिल्याच अध्यायात खडसावतो आणि विचारतो, ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय? गट पाडणाऱ्यांना पौलाने रागावलं, आणि आपण त्याचंच वचन गट टिकवायला वापरतो. याचं मला खरोखर दुःख होतं.

सत्य गुंडाळण्याबद्दल. ज्या प्रार्थनेत येशूने ‘ते सर्व एक व्हावेत’ असं मागितलं, त्याच योहान १७ मध्ये (योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय) थोडं आधी तो पित्याला म्हणतो की त्यांना सत्यात समर्पित कर. दोन्ही मागणी एकाच श्वासातली आहेत. २०२५ चा सप्ताह तर नायसिया इथल्या प्राचीन चर्च परिषदेला १७०० वर्षं झाली म्हणून मतांगीकाराभोवतीच, म्हणजे तिथे शब्दांत मांडलेल्या समाईक विश्वासाभोवतीच, बांधला होता. विषय होता येशूने मार्थेला केलेला प्रश्न, ‘यावर तुझा विश्वास आहे काय?’ शिकवणीपासून पळणारे लोक हा प्रश्न निवडणार नाहीत. धर्मसुधारणेच्या काळात ज्या प्रश्नावरून फूट पडली, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, त्यावर लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी अनेक वर्षांच्या चर्चेनंतर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. उरलेले मतभेद त्यात लपवलेले नाहीत, लिहून ठेवले आहेत. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्याला दुजोरा दिला. (ऐक्य म्हणजे सगळीकडे एकच उपासनापद्धती, हीही याच भीतीची एक बाजू. शरीर एक, अवयव अनेक, हे पौलाने सांगून ठेवलंय. डोळ्याने हात व्हायचं नाही.)

‘आत्म्यात एकच आहोत’ हे खरंच आहे. पण येशूने ऐक्य मागितलं ते ‘जगाने विश्वास ठेवावा’ म्हणून. जगाला जे दिसतच नाही, त्यावरून ते विश्वास कसा ठेवणार?

राहिलं ‘झालं काय’. १०५४ मध्ये रोम (पश्चिमेचं कॅथलिक चर्च) आणि कॉन्स्टँटिनोपल (पूर्वेचं ऑर्थोडॉक्स चर्च) यांनी एकमेकांविरुद्ध उच्चारलेले बहिष्काराचे शाप ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी स्मरणातून पुसले. चर्च ऑफ साउथ इंडियाची बोलणी १९१९ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला सुरू झाली आणि २७ सप्टेंबर १९४७ ला बिशप मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या मंडळ्या एक झाल्या. अठ्ठावीस वर्षं लागली. ज्यांनी सुरुवातीला गुडघे टेकले त्यातल्या काहींनी तो दिवस पाहिलाही नसेल.

पूर्व आणि पश्चिमेतली फूट अजून बुजलेली नाही, हेही तितकंच खरं. नवरा कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट अशा घरात दोघं रोज एकत्र ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात, आणि रविवारी प्रभूच्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाच्या वेळी, बहुतेकदा दोघांपैकी एकाला बाकावरच थांबावं लागतं. त्या बाकावर बसलेल्या माणसाला हा मजकूर पाठवण्याआधी, त्याच्या शेजारी बसून एकदा योहान १७ वाचा.