पदवी अर्ध्या वाटेची, खर्च पुऱ्या वाटेचा

बारावीचा निकाल लागला आणि दोन दिवसांत सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तुझ्या भाचीला बिहेवियरल सायन्सच करायचंय. पुण्यातलं खासगी विद्यापीठ जेवढं मागतंय, त्यात थोडी भर घालून तुझ्याकडेच पाठवली तर?" त्याच्या घरात महिनाभर दोन तट पडले आहेत: भाऊ ‘नामांकित’ म्हणतो आणि वहिनी ‘परवडणारे’ म्हणते. मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते, माझ्या मुलीने गेल्याच वर्षी ही पदवी घेतली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. माझ्या मते दोघेही चुकीच्या आकड्यावरून भांडत आहेत.

वर्तनविज्ञानाच्या, म्हणजे बिहेवियरल सायन्सच्या, पदवीची मेख अशी की ती अर्ध्या वाटेवर आणून सोडते. या पदवीवर इथे कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. कॅलिफोर्नियात त्या परवान्यासाठी डॉक्टरेट लागते. भारतातही चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करायची, तर पदवीच्या पुढचे शिक्षण अटळ आहे. माझी मुलगी शिकत असताना आठवड्यातून तीन दुपारी एका स्वमग्न मुलाच्या घरी जमिनीवर बसून, त्याने न सांगता किती वेळा वस्तू मागितली, याच्या खुणा तक्त्यावर करत असे. काम जबाबदारीचे आणि थकवणारे. पण हे काम करणाऱ्या ‘वर्तन तंत्रज्ञा’च्या नोंदणीसाठी पदवी लागतच नाही, बारावीपर्यंतचे शिक्षण, ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी आणि एक परीक्षा पुरते. तेव्हा पहिल्या चार वर्षांतच घरातली सगळी शिल्लक ओतणे हा मला शुद्ध अविचार वाटतो, महाविद्यालयाचे नाव कितीही मोठे असो.

हा शहाणपणा मला उपजत नव्हता. मुलीला एका खासगी महाविद्यालयाने प्रवेश देऊ केला, तेव्हा सोबत आलेल्या पत्रात ‘आपल्याला मिळणारी मदत’ अशा मथळ्याखाली चार ओळी होत्या आणि खाली भरघोस बेरीज होती. मी पेढे आणायला निघाले होते. मुलीच्या बाबांनी पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचली, तेव्हा कळले की त्यातली एक ओळ ५,५०० डॉलरच्या सरकारी विद्यार्थी-कर्जाची आहे आणि दुसरी तिने महाविद्यालयातच नोकरी करून मिळवायच्या पगाराची. फेडायचे पैसे आणि कमवायचे पैसे, दोन्ही मदतीत धरलेले! त्या ओळी खोडल्यावर जो आकडा उरला, तोच खरा खर्च होता. अमेरिकेत छापील फी आणि निव्वळ खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११पासून तो खर्च अंदाजे काढून देणारी सोय आपल्या संकेतस्थळावर ठेवणे इथल्या बहुतेक महाविद्यालयांना कायद्याने बंधनकारक आहे, पण ती वापरायची असते हे आम्हाला उशिरा सुचले.

शेवटी ती घराजवळच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या स्वस्त सरकारी महाविद्यालयात, गेली. तिथे राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ३१ डॉलर पडतात आणि पुढे विद्यापीठात बदली घेण्यासाठी लागणारे ९० युनिट साधारण २,८०० डॉलरमध्ये होतात. इतर शुल्क आणि पुस्तके वेगळी. पुढची दोन वर्षे तिने सॅन होजे स्टेटमध्ये काढली, जिथे ही पदवी मानवशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र करून शिकवतात. सॅन होजे स्टेट ज्या सरकारी विद्यापीठसमूहात मोडते, तिथे रहिवाशांचे मूळ शिक्षणशुल्क २०२५-२६ साली ६,४५० डॉलर होते. आमच्या मंडळातल्या काहींनी "कम्युनिटी कॉलेज?" असे विचारताना जो सूर लावला, तो मला पुण्यातल्या पेठांत ऐकल्यासारखा वाटला. नावाचा सोस आपण सामानात बांधूनच आणलेला असतो.

मात्र हा स्वस्त मार्ग भाचीला खुला नाही, आणि हे भावाला समजावताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. ती विद्यार्थी व्हिसावर आली, तर तिला अनिवासी दर लागेल, जो डी अँझात कितीतरी पट आहे. सरकारी अनुदान मिळणार नाही आणि कर्जही नाही. शिक्षणानंतर इथे काम करण्याची मुदत १२ महिन्यांची की तिला आणखी २४ महिन्यांची जोड, हेही पदवीच्या नावावरून ठरत नाही. महाविद्यालयाने त्या अभ्यासक्रमाला कोणता सांकेतिक क्रमांक दिला आहे, त्यावर ठरते. आत्याचे घर जवळ असले म्हणून यातले काहीच स्वस्त होत नाही.

मग तिकडेच, भारतात, शिकायचे तर काय पाहावे? राष्ट्रीय क्रमवारीतला, म्हणजे एनआयआरएफमधला, क्रमांक सगळे पाहतात. पण त्यासाठी महाविद्यालयाने सादर केलेला तक्ता फारसे कोणी उघडत नाही. ठरलेल्या मुदतीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जण पुढे शिकायला गेले, नोकरी लागलेल्यांचा मधला (मध्यक) पगार किती, हे सारे त्यात असते. माहिती महाविद्यालयानेच भरलेली असते आणि सर्व विषय एकाच रांगेत येतात, हे खरे. तरी माहितीपुस्तकातल्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा ती बरी.

पदवीच्या चौथ्या वर्षाचा वाद मात्र मला गावाकडच्या लोकांपेक्षा वेगळा दिसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेले हे वर्ष म्हणजे ‘एक वर्षाची फी उकळण्याचा धंदा’, असे वहिनीचे मत आहे. पण चार वर्षांनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकते, म्हणजे तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, बेरीज पाचच. शिवाय २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर थेट पीएच.डी.साठी पात्रता मिळते, आणि परदेशातली अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतातच. वहिनीची शंका रास्त ठरते ती दुसऱ्या कारणाने: ज्या विभागात दोनच कायम प्राध्यापक आहेत, तिथे चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प तपासणार कोण?

घरी बसून ऑनलाइन पदवी घेण्याचा स्वस्त पर्यायही भावाने काढला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे बंद केल्यामुळे ती वाट मिटली आहे, आणि मला त्याचे फारसे दुःख नाही. निरीक्षण करणे, मुलाखत घेणे, आकडेवारी हाताळणे, हे समोर बसून चुका दाखवणारे कोणी असल्याशिवाय येत नाही. माझ्या मुलीचे पहिले तीन तक्ते तिच्या पर्यवेक्षिकेने फाडून टाकायला लावले होते.

भाचीला मी आता दोन महाविद्यालयांत जाऊन यायला सांगितले आहे. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती कोणत्या सत्रात आहेत, त्या कायम प्राध्यापक शिकवतात की तासिका तत्त्वावरचे, आणि गेल्या वर्षीचे प्रकल्प ग्रंथालयात वाचायला मिळतात का, एवढे तिने वहीत लिहून आणायचे आहे. भावाने तोवर प्रवेशाची अनामत भरायची नाही, असे ठरले आहे.