एक तारा दिलेल्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय वाचला. चिरंजीवांच्या बॉलिंगमधली मनगटाची हालचाल कॅमेऱ्यांनी मोजून घ्यायला आमच्याकडे आलात, तेव्हा आपल्याला आणि त्यांना ताटकळावं लागलं त्याबद्दल दिलगीर आहे. बसायला जागा अपुरी पडते, तेही मान्य.

पण "दीड तास नुसत्या टिकल्या चिकटवत बसले, बॉलिंग वीस मिनिटं, हेच मोबाईलवर फुकट होतं" हे फार लागलं. अकराची वेळ होती, आपण पावणेबाराला आलात. सिंहगड रस्त्याची वाहतूक मलाही रोजचीच, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. मुलगा थेट नेट्सवरून आलेला, हातावर घाम आणि सनस्क्रीन. त्यावर मार्करची (आपण म्हणता त्या टिकल्या, त्यांच्यावरूनच कॅमेरे हालचाल टिपतात) टेप धरत नाही, पुसून वाळवूनच लावावी लागते. मनगटातला देवाचा दोरा काढायला आपण नको म्हणालात. आम्ही आग्रह धरला नाही. मात्र तो नेमका अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकावर येत होता आणि आमचा एक मार्कर तिथेच लागतो. दुसरा करंगळीकडच्या उंचवट्यावर. बॉल सोडताना झटका बसला की दोऱ्याला लागून पहिला उडायचा. उडालेला अंदाजाने परत लावून चालत नाही, हात स्थिर ठेवून पुन्हा नोंद घ्यावी लागते.

या दोन मार्करमध्ये अंतर असतं साधारण 5 ते 6 सेंटिमीटर. त्यातला एक हाताच्या लांबीत 5 मिलिमीटर सरकला तरी दोघांना जोडणारी रेघ, म्हणजे मनगटाचा अक्ष, सुमारे 5 अंशांनी तिरका होतो. अंगठ्याच्या बाजूला मनगट वाकतंच मुळी 20 अंशांच्या आसपास. तिथे 5 अंश इकडेतिकडे झालेला रिपोर्ट हातात ठेवून पैसे घेणं मला जमलं नसतं. घाई केली असती तर आपण खूश होऊन गेला असतात, एवढंच.

मोबाईलचा व्हिडिओ वाईट नाही, आम्हीही काढतो. पण एका बाजूने पाहिलं की मनगट वाकलं की कोपराखालचा हात पिळला गेला, हे नीट कळत नाही. लेगस्पिनरचं दोन्ही एकदमच होतं, आणि तो पीळ मनगटात नसतो, कोपराखालच्या दोन हाडांचा असतो. आठ कॅमेरे आणि सेकंदाला 250 फ्रेम त्यासाठी. मुलाचे आकडे इथे चारचौघांत लिहिणार नाही. रिपोर्टचं तिसरं पान कोचना दाखवा, "मनगटात जोर नाही" हा त्यांचा समज तिथे पडताळता येईल.

बॉलिंग नियमात बसते असं प्रमाणपत्र आम्ही का देत नाही म्हणाल, तर आयसीसीची 15 अंशांची मर्यादा कोपर सरळ होण्याबद्दल आहे आणि ती तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते. हे फोनवरच सांगितलं होतं.

कॅमेऱ्यांचे हप्ते अजून चालू आहेत. आपला अभिप्राय वाचून एका अकॅडमीने पाठवायची मुलं थांबवली, म्हणून इतकं लिहावं लागलं. येताना काय काळजी घ्यायची ते आता आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवत जाऊ, खुर्च्यांचंही बघतो. टिकल्यांचं ते एक वाक्य तरी बदलता आलं तर बघावं, ही विनंती. पुन्हा मोजून हवं असेल तर जरूर या, फी घेणार नाही. फक्त सकाळी, नेट्सच्या आधी.