‘गाईला ऊन भाजत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऊन तापायला लागलं की हा मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जनावराची कातडी जाड, अंगावर केस, त्यामुळे ते उन्हाने भाजत नाही, पांढरं जनावर तर ऊन परतवूनच लावतं, तरीही कातडी सोलवटली तर ती गरमी, अंगावर पाणी मारा, आपोआप बरी होते. नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण यातला शेवटचा सल्ला जनावराच्या जिवावर बेतू शकतो.

आधी जाड कातडी. कातडी भाजते ती उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी. त्यांच्यापासून बचाव होतो तो केसांनी आणि कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिन या द्रव्याने. जिथे दोन्ही कमी, तिथे गाय भाजते: सड, कास, मुसकट, पापण्या, योनीद्वार. भाजलेला सड लालबुंद होतो, हात लावला की गाय लाथ झाडते. मग ‘मस्टायटिस (कासेचा दाह) झाला’ म्हणून धावपळ होते. अशा वेळी दूध नीट बघावं. त्यात गाठी नाहीत, पाणचटपणा नाही, कास आतून कडक नाही आणि लाली फक्त ऊन लागणाऱ्या बाजूला आहे, तर उन्हाचा संशय घ्यायला हरकत नाही. खात्री मात्र डॉक्टरच करतील.

पांढऱ्या जनावराचं विधान अर्धं खरं आहे. पांढरे केस उष्णता परतवतात, हे बरोबर. पण केसांचा रंग आणि कातडीचा रंग एकच असतो असं नाही. वशिंडवाल्या जातींत पांढऱ्या केसांखाली बहुधा काळी कातडी असते, म्हणून त्या उन्हात टिकतात. होल्स्टीन या काळ्या-पांढऱ्या विदेशी गाईच्या पांढऱ्या ठिगळाखाली मात्र गुलाबी कातडी असते. हेरफर्ड जातीत पापण्यांना रंग नसला की डोळ्याचा कॅन्सर जास्त होतो, आणि त्यामागचं एक मोठं कारण अतिनील किरण हेच आहे. केस बाजूला सारून खाली बघा, मग ठरवा.

‘गरमी’ हा शब्द तर सगळ्यालाच लावतात. हवेतल्या उष्णतेचा कडाका दुपार कलताना असतो, अतिनील किरणांचा जोर माध्यान्हीला. पातळ ढगांतून ते 80 टक्क्यांपर्यंत खाली येतात आणि उंचीवर दर 1000 मीटरला साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे गार हवेच्या डोंगरावरही सड भाजू शकतात. पाणी मारल्याने जनावराला गारवा मिळतो, किरण अडत नाहीत.

आता ‘आपोआप बरी होते’. एका दिवसात फक्त पांढरे पट्टे सुजले, कान जड होऊन लोंबले, दोन-चार दिवसांत कातडी वाळक्या चामड्यासारखी उचलून आली, आणि शेजारचा काळा पट्टा जसाच्या तसा. असं दिसलं तर हे साधं भाजणं समजू नका. बऱ्याचदा दुखणं यकृताचं असतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटातले सूक्ष्मजीव फायलोएरिथ्रिन नावाचं द्रव्य बनवतात. धड यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत बिघडलं की ते रक्तातून कातडीत पोचतं, आणि उजेड पडताच तिथली कातडी जळते. घाणेरी (टणटणी) या झुडपाचा पाला खाल्ल्याने हेच होतं. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या मेलेल्या गवतावरच्या बुरशीचं विष हाच घोटाळा करतं. काही वेळा यकृत शाबूत असतं. बकव्हीटसारखी (कुट्टू) वनस्पती किंवा एखादं औषध थेट कातडीला उजेडाचं वावडं लावतं.

फायलोएरिथ्रिनला दिसणारा उजेडही पुरतो, त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही नको. जनावर अंधाऱ्या गोठ्यात घ्या, संशयाचा हिरवा चारा बंद करा, जखमेवर माश्या बसू देऊ नका, नाहीतर अळ्या पडतात. खालच्या पापणीची आतली बाजू पिवळी दिसते का पाहा. ती पिवळी नसली तरी डॉक्टरांना लगेच बोलवा आणि तीन गोष्टी न विचारता सांगा: चारा किंवा कुरण कधी बदललं, जनावर कुठल्या झुडपाला तोंड लावून आलं, आणि अलीकडे कोणतं औषध दिलं.