अमिताभची पत्रिका आणि अष्टम स्थान

अमिताभ बच्चनच्या पत्रिकेवरचा तुमचा लेख आवडला, पण त्याचं सगळं आयुष्य एकट्या अष्टमस्थानावर (पत्रिकेतलं आठवं घर, संकटांचं आणि उलथापालथीचं मानलं जाणारं) टांगलंय ते काही पटलं नाही. रवी, बुध, शुक्र, मंगळ चौघेही कन्येत, कुंभ लग्नाला (लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तिथून घरं मोजतात) आठवे, म्हणून १९८२ चा 'कुली'चा अपघात, म्हणून पुढचं कर्ज आणि म्हणूनच २००० साली केबीसीतून पुनरागमन! घडून गेल्यावर सगळंच जुळतं हो.

मुळात बुध रवीपासून २८ अंशांपेक्षा लांब जात नाही, शुक्र साधारण ४७. त्यामुळे हे तिघे एका राशीत सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. त्यात मंगळ आला एवढंच. आणि ती रास आठवी येते ती लग्नामुळे, तर लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. म्हणजे सगळा डोलारा ११ ऑक्टोबर १९४२ च्या दुपारी चारच्या वेळेवर उभा. दोन-अडीच तास आधीची वेळ धरा, मकर लग्न येईल आणि तेच चार ग्रह भाग्यात, म्हणजे नवव्या, नशिबाच्या घरात जातील. मग आपण 'नशीबवान माणूस' असा लेख वाचत असतो!

मला तरी लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, शनी जास्त बोलका वाटतो. चतुर्थात (चौथ्या घरात), वृषभेत. उशिरा मिळणारं यश, शिस्त, म्हातारपणीही न सुटणारं काम. १९६९ ला पहिला चित्रपट आणि 'जंजीर' थेट १९७३ ला, मधली चार वर्षं बहुतेक अपयशाचीच. (शनीभक्तांना एवढं पुरे, मी त्यातलाच एक.) या शनीवर लेखात एकच ओळ आहे. पुढच्या भागात जरा सविस्तर लिहा ना.