तो सांगाडा नशिबाने सापडला नाही

आज सकाळी इथल्या जोहान्सबर्गच्या मराठी ग्रुपवर एकीने विचारलं, भारतातून पाहुणे आलेत, जवळच्या स्टर्कफाँटेनच्या गुहा, जिथे आदिमानवाचे अवशेष सापडले, त्या दाखवू का? लगेच एकाचं उत्तर : "नका जाऊ. रिकामी भोकं आहेत. नशिबाने एक सांगाडा मिळाला, तोही तिथे ठेवलेला नाही. सिंह दाखवा." त्यावर लाइकच्या अंगठ्यांची रांग. दिवसभर कामात लक्ष लागलेलं नाही.

नशिबाने?

माझे मामा इथे आले होते तेव्हा मी त्यांना तिथे नेलं होतं. मामांचा जन्म विहिरींच्या कामावर गेला, मुकादम होते. गुहेत उतरल्यावर सगळे फोटो काढत होते आणि मामा भिंतीवरून हात फिरवत होते. चुन्याने सांधून घट्ट झालेला खडक, त्यातच दगड, त्यातच हाडं. गाइड सांगत होती, शास्त्रज्ञ रॉन क्लार्कना १९९४ साली जनावरांच्या हाडांच्या एका खोक्यात पावलाची चार छोटी हाडं मिळाली. माकडाची म्हणून बाजूला पडलेली. पुढे १९९७ मध्ये त्याच पायाची आणखी हाडं निघाली, आणि एक तुटलेली नडगी. तिचा उरलेला भाग गुहेतच असणार, म्हणून क्लार्कनी नडगीची प्रतिकृती दोन सहकाऱ्यांच्या हाती दिली. स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे. हातातल्या दिव्याच्या उजेडात, एवढ्या मोठ्या अंधाऱ्या दालनात, खडकात दिसणारा हाडाचा तेवढासा छेद त्या प्रतिकृतीशी जुळवायचा होता. दोन दिवसांच्या आत त्यांनी तो जुळवला.

मी भाषांतर करून सांगितलं तर मामा थांबलेच. म्हणाले, "दोन दिवसांत? हा हाताचा गुण आहे रे. दगड वाचता आल्याशिवाय होत नाही."

हेच 'लिटल फूट'. सुमारे ३७ लाख वर्षांपूर्वीचं, माणसाच्या कुळातलं (वयावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, असू देत). बहुधा वरच्या भोकातून खाली पडून मेलेलं. सांगाडा ९० टक्क्यांहून जास्त शाबूत, आणि तो खडकातून सोडवून जगासमोर यायला २०१७ उजाडलं. वीस वर्षं! त्याच टेकडीत आधी चुन्यासाठी सुरुंग लावले गेले. १९४७ साली 'मिसेस प्लेस' नावाने गाजलेली, माणसाच्या कुळातलीच एक कवटी इथे मिळाली, तीही शास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूम यांच्या सुरुंगातूनच. मामा त्यावर चिडले होते, "सुरुंगाने दगड फुटतो, हाड कसं वाचेल?"

मान्य, खरी हाडं विद्यापीठाच्या तिजोरीत आहेत. पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये. आणि क्लार्कनी त्या दोघांची नावं कधी लपवली नाहीत, हेही खरं. पण आपण काय करतो? बातमीत "क्लार्क यांना सापडला" एवढंच वाचतो आणि पुढे जातो.

परतताना गाडीत मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, विहिरीवर मालकाचं नाव कोरतात. पाणी ज्याच्या पहारीला लागलं, त्याचं नाव चार वर्षांनी गावालाही आठवत नाही. मामांनी खणलेल्या कितीतरी विहिरी आजही पाणी देतात. एकीवरही त्यांचं नाव नाही.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरलाय. ग्रुपवर उत्तर देणाऱ्या माणसाचं वाईट चिंतत नाही. त्याला कुणी नीट सांगितलंच नसेल. पण मित्रांनो, तिथे जाऊन "काही नव्हतं" असं कृपा करून लिहू नका. ज्या अंधारात आपण फोटो काढतो, तिथे दोन माणसांनी दिवा घेऊन इंच इंच खडक तपासला आहे.

पुढच्या महिन्यात ताई आणि तिची मुलं येतायत. सिंह दुपारी. सकाळ स्टर्कफाँटेनची, ठरलंय. मोत्सुमी आणि मोलेफे ही नावं गाइडने घेतली नाहीत, तर मी घेईन, आणि मुलांकडून म्हणवून घेईन.