ओबडधोबड पॅच म्हणजे नकली नव्हे

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांची जुनी चामडी जॅकेटं कशी पारखावीत यावरचा लेख मन लावून लिहिलाय, पण ‘हाताने कापलेला, वेडावाकडा चामड्याचा पॅच दिसला की जॅकेट नकली समजा’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. युरोपातल्या स्क्वाड्रनबद्दल काय ते असो, चीन-बर्मा-इंडिया आघाडीवरच्या ए-टू, म्हणजे अमेरिकन लष्करी वैमानिकांच्या चामडी जॅकेटांना हा नियम लावला तर अस्सल वस्तूच बाद होतील. आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेणारे अमेरिकन वैमानिक आपले पॅच अनेकदा इथल्याच कारागिरांकडून करून घेत. रंगीत चामड्याचे तुकडे कापून, एकावर एक ठेवून शिवलेले. त्यामुळे या आघाडीच्या चिन्हातला, निळ्या पट्टीतला चिनी सूर्य आणि तारा, खालचे लाल-पांढरे पट्टे दोन पॅचवर एकसारखे सापडणं कठीण. मला तर या जॅकेटांवरची सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते, आणि त्या कारागिरांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत याची खंतही.

पारखायचंच तर पॅचच्या सुबकपणाकडे पाहू नका. माझ्या संग्रहातल्या जॅकेटाचा पॅच एका कोपऱ्यात उसवलाय. त्याखालचं घोड्याचं कातडं बाकीच्यापेक्षा गडद आहे, कारण तिथे ऊन आणि घासणं पोहोचलंच नाही. नवा पॅच जुन्या जॅकेटावर चढवला असता तर खालचं कातडंही तितकंच विटलेलं दिसलं असतं. कॉलरखालचं कंत्राटाचं लेबलही वाचा. लष्कराने १९४३ मध्ये ए-टूची खरेदी थांबवली, त्यामुळे १९४४चं कंत्राट म्हणून कुणी ए-टू विकत असेल तर आधी तिथेच थांबा.