आंबट तार

कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी, सोसायटीच्या कार्यक्रमासाठी सूर लावत असताना, माझ्या मँडोलिनची पहिली तार तुटली आणि जाता जाता गालावर एक ओरखडा काढून गेली. तिच्यावर माझा राग नाही. वीतभर वाद्यावर साडेदहा किलोंचा ताण सोसत उभे राहायचे म्हटले, तर कधीतरी तुटणे आलेच. राग आहे तो तिच्या जागी दुसरी आणायला गेल्यावर जे घडले त्याचा.

दुकानातल्या मुलाने ‘मँडोलिन’ हा शब्द दोनदा उच्चारायला लावला आणि मग अत्यंत नम्रपणे विचारले, “युकुलेलेची चालेल का, काका?” युकुलेलेच्या तारा नायलॉनच्या असतात. ज्या मुंबईत लक्ष्मीकांत कुडाळकर मँडोलिन वाजवत वाजवत संगीतकार झाले आणि सज्जाद हुसेन यांच्यासारख्या संगीतकाराने हे वाद्य हाती घेतले, त्या मुंबईत मला नायलॉनची तार देऊ केली जावी, हे मी निमूटपणे गिळले. शेवटी तीन कंपन्यांची तीन पाकिटे काउंटरवर आली. त्यांत एक डॅडारिओचे होते, आणि तिन्हींवर पहिल्या तारेची जाडी एकच छापलेली होती : 0.011 इंच. यांतली पहिली तार कोणाची चांगली, असे मी विचारले. मुलाला विचारले होते. उत्तर मात्र शेजारून आले.

“द्या इकडे.”

पेटीचा भाता दुरुस्तीला घेऊन आलेले ते सत्तरीचे गृहस्थ होते. मुलाने आज्ञाधारकपणे तिन्ही पाकिटे फोडली (फोडलेला माल परत घेत नाहीत, हे मला नंतर कळले). गृहस्थांनी पहिली तार उलगडली, तिचे एक टोक मुलाच्या हाती दिले, दुसरे स्वतःच्या पुढच्या दातांत धरले आणि डोळे मिटून तार छेडली. मुलगाही डोळे मिटून उभा राहिला. मी एकटाच उघड्या डोळ्यांनी काउंटरशी ताटकळत होतो.

“ही करपलीय,” ते म्हणाले.

“पोलाद करपत नाही हो,” मी म्हणालो.

“तुम्ही स्वयंपाक करता का?” असे विचारून त्यांनी दुसरी तार दातांत धरली. ही बराच वेळ चालली. “हं. ही मुरलीय. लिंबाच्या लोणच्यासारखी.” तिसरी मात्र त्यांनी तोंडातून चटकन काढली आणि खिशातल्या रुमालाने ओठ पुसले. “आंबट. घेऊ नका. घरात माणसं आहेत ना?”

मी माझ्या परीने त्यांना समजावू पाहिले. तारेची लांबी, सूर आणि जाडी एकच असेल, तर पोलादाच्या तारेवर येणारा ताणही तेवढाच येणार, मग पाकिटावर गरुड छापा नाहीतर घुबड. या बहुतेक साध्या तारा म्हणजे कथलाचा मुलामा दिलेली, भरपूर कार्बनची पोलादी तारच असते. खरा फरक पडतो तो तार किती एकसारखी ओढली आहे, टोकाचा फास किती घट्ट पिळला आहे आणि पाकिटात ती किती दमट हवा खाऊन बसली आहे, यांमुळे. जाड तार घेतली म्हणजे तुटणार नाही, हाही भ्रमच आहे. ती जितकी जाड, तितकाच तिला त्या सुरापर्यंत न्यायला लागणारा ताणही जास्त.

गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले. “एका आईची दोन मुलं तरी सारखी असतात का?” एवढे बोलून ते भात्याकडे वळले. मुलाने माझ्याकडे करुणेने पाहिले आणि तिन्ही पाकिटांचे बिल केले.

इथे मला एक गाऱ्हाणे मांडलेच पाहिजे. तुटते ती नेहमी पहिली तार, क्वचित दुसरी, म्हणजे साध्या पोलादाचीच. ब्राँझचा वेढा असलेली जाड तार माझ्याकडे आजतागायत एकही तुटलेली नाही, तरीही मला प्रत्येक वेळी आठ तारांचा, म्हणजे एका सुराच्या दोन-दोन अशा चार जोड्यांचा, पूर्ण संच घ्यावा लागतो. माझ्या खणात शेवटच्या जाड तारेच्या नऊ जोड्या साठल्या होत्या. त्या दिवशी बारा झाल्या. कपडे वाळत घालायला यांचा उपयोग होईल का, असे बायकोने विचारले, तेव्हा मी हसलो नाही. गिटारची तेवढ्याच जाडीची सुटी तार मिळते; तिच्या टोकाचा पितळी मणी पकडीने हळूच दाबून काढला की फास मोकळा होतो आणि ती मँडोलिनला चालते. पण मी तो मणी दाबला तेव्हा तो उडून मसाला दुधाच्या पातेल्यात गेला. दूध चौतीस माणसांचे होते. या विषयावर घरात अजून बोलणे होत नाही.

म्हणून, शहाणपण दाखवायचे म्हणून, मी माझ्या मुलाच्या कॉलेजातला, जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणवला. तिन्ही तारा 0.28 मिलिमीटर, म्हणजे तेच 0.011 इंच, भरल्या. मग पहिल्या जोडीतली एक तार ‘मुरलेल्या’ पाकिटातली आणि दुसरी ‘आंबट’ पाकिटातली अशी लावली, दोन्ही एका सुरात आणल्या, आणि कोणती कुठली हे ओळखायला बायकोला पाठ करून बसवले. दहापैकी पाच वेळा तिचे उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. मला विजयी वाटले आणि मी तिच्यासाठी पुन्हा एकदा, फक्त दुसरी तार छेडली.

आंबट लागली.

त्यानंतर ती मला रोज आंबटच लागते. मायक्रोमीटर समोर ठेवूनही लागते. शनिवारी मी पुन्हा त्या दुकानात गेलो, त्या मुलाची नजर चुकवत मुरलेल्या कंपनीचा आणखी एक संच घेतला आणि घरी येऊन खण उघडला. तेरावी जोडी आत मावत नव्हती.